पान त्र्याहत्तरवरचं अक्षर

७ जून

चि. धाकटीस,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी देईन, तोवर शिल्लक राहिला तर.

तुझ्या छपाईच्या दुकानातून तिसऱ्या आणि चौथ्या प्रकरणाची प्रुफं काल मिळाली. मी अतिथीगृहाच्या व्हरांड्यात बसून पाकीट फोडलं. शेजारी इथले विभागप्रमुख होते. त्यांना म्हटलं, बघा, आमच्या पुस्तकाची पानं. त्यांनी वरचं पान उचललं आणि समासात पेन्सिलीने लिहिलेलं मोठ्याने वाचलं. 'चड्डी बारीक झाली आहे. मोठी करावी.' दुसऱ्या पानावर, 'स्टूलवर टोपी राहिली.' मग, 'कुरळी कंसाबाहेर का उभी?' आणि पान ८८ वर, 'दोन काटे एकमेकांना चिकटलेत, सोडवणे.'

विभागप्रमुखांनी मला विचारलं, पुस्तक नक्की कशावर आहे.

चड्डी म्हणजे ω हे कळायला मला अर्धा तास लागला. त्या अक्षराला ओमेगा म्हणतात. स्टूल म्हणजे π, ज्याचं नाव शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं. ψ ला काटा आणि ξ ला कुरळी म्हणणारी व्यक्ती माझ्या पुस्तकाचं मुद्रितशोधन करते आहे. मी इतकी वर्षं शिकवलं. क्सायला झीटा म्हणणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर काढलं. जे नाव घेता येत नाही ते डोक्यात शिरलेलंच नसतं, हे माझं म्हणणं आहे आणि ते आजवर कुणी खोडून काढलेलं नाही. आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं, तेही नेमकं तुमच्या हाती पडावं.

सप्टेंबरात इथला नवा वर्ग याच पुस्तकावर सुरू व्हायचा आहे. ऑगस्टअखेर छापील प्रत हवी. हे समासातलं बाळबोध कुणाचं, ते कळव.

तुझी ताई दुपारी तुझ्याकडे येऊन बसते म्हणते. बसू दे, घरी एकटी काय करणार. माझ्या कागदांपासून मात्र तिला लांब ठेव, नाहीतर त्यावर चहाचा कप ठेवेल.

— भावजी

(आशीर्वाद उरला नाही.)


१३ जून

ती. भावजींना नमस्कार. तुम्ही तो परत करत नाही, तरी रीत म्हणून.

चूक झाली ती आमची. आमच्या टेबलावरची प्रत तुमच्या पाकिटात गेली आणि तुमची कोरी प्रत इथे राहिली. त्याबद्दल माफी. बाकी कशाबद्दल नाही.

हे काम कसं चालतं ते तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून सांगते. माझ्याकडे एक बाई दुपारी येतात. त्या तुमचं हस्तलिखित मोठ्याने वाचतात आणि मी प्रुफावर बोट ठेवून बघत जाते. 'कुरळी, पायाशी एक, डोक्यावर टोपी, कंस बंद, स्टूल, तिरकी रेघ, चड्डी.' असं पानंच्या पानं. चौदा वर्षांत आम्ही दोघींनी गणिताची एकतीस पुस्तकं अशी काढली. एकाही लेखकाची तक्रार आलेली नाही, कारण पुस्तकं बरोबर होती आणि पाकिटंही.

आता तुमचं हस्तलिखित. क्साय आणि झीटा यांना एकमेकांच्या जागी बसवणाऱ्या पोरांना तुम्ही वर्गाबाहेर काढलंत म्हणता. तुमच्या हातचे ते दोघे शेजारी ठेवले तर त्यांची आईसुद्धा ओळखणार नाही. बाई ओळखतात. कशा, ते त्यांनाच ठाऊक.

आणि एक सांगू का? पान ९६ वर तुम्ही 'समजा' म्हणून एक कुरळी आणलीत. बाई वाचता वाचता थांबल्या आणि म्हणाल्या, ही आली, पण हिला कुणी बसायलासुद्धा सांगितलं नाही. आम्ही पुढची चाळीस पानं शोधली. ती परत कुठेच नाही. तिचं काय करायचं ते कळवा.

बाईंचं नाव सांगणार नाही. तुम्हाला नावं फार आवडतात, म्हणूनच.

— धाकटी


१९ जून

धाकटीस,

पान ९६ वरचा क्साय काढून टाक. जुन्या मसुद्यातला राहून गेला होता. माझ्याही लक्षात येणारच होता.

सोबत तक्ता पाठवतो आहे. चोवीस अक्षरं, चोवीस नावं, पुढे उच्चार. भिंतीवर लाव आणि यापुढे माझ्या पुस्तकाचं वाचन या नावांनीच कर. ईटा, थीटा, आयोटा. समासात लिहिलंय तसं लंगडी, कुलूप आणि टाचणी नव्हे. मी विभागप्रमुखांना समासातली ती सगळी नावं ऐकवली. ते चहा सांडेपर्यंत हसले. मी हसलो नाही.

त्या बाईंना माझ्या पुस्तकावरून काढ. ही विनंती नाही. ज्या बाईला अक्षराचं नाव माहीत नाही तिने ते अक्षर तपासायचं, म्हणजे आंधळ्याने रंग निवडण्यातला प्रकार. त्या तुझ्या कोण लागतात, किती वर्षं येतात, याच्याशी मला कर्तव्य नाही. त्या राहणार असतील तर पुस्तक मी इथल्या मोठ्या छापखान्याला देतो. तिथे पदवीधर लोक आहेत.

काम कसं असतं हे कळावं म्हणून वेगळ्या रजिस्टर पार्सलने माझा प्रबंध पाठवतो आहे. अडतीस वर्षं जपला आहे, इथेही सोबत आणला. हिने एकदा फडक्याने पुसायला घेतला होता, तेव्हापासून कुलपात ठेवतो. त्या काळी यंत्रावर ग्रीक अक्षरं नसत. टायपिस्ट जागा सोडून द्यायचा आणि अक्षरं शाईने हाताने भरायची. मी तेव्हा टायफॉईडने अंथरुणावर होतो. उठलो तेव्हा सगळं तयार होतं. प्रत्येक अक्षर बघ. क्सायचे तिन्ही वळसे सारखे. सायचा, म्हणजे ψ चा, मधला दांडा कुठेही डगमगत नाही. टायपिस्टच्या कचेरीतला कोण होता ते मला कळलं नाही, पण त्याला प्रत्येक अक्षर नावानिशी ठाऊक होतं, याबद्दल मी पैज लावीन. असा हात शिक्षणाशिवाय येत नाही. तुझ्या त्या बाईंनाही दाखव. काही शिकल्या तर शिकल्या.

बांधणी जुनी आहे, उघडताना जपून.

— भावजी


२ जुलै

ती. भावजी,

पार्सल पोचलं. बांधणी शाबूत आहे.

बाईंना दाखवलं. त्यांनी हात धुतले, पुसले, मग उघडलं. बराच वेळ पानं उलटत होत्या. एका पानावर थांबल्या आणि हसल्या. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, काही नाही, जुनी ओळख निघाली. मग त्यांना तुमचं पत्र वाचायचं होतं. मी नको म्हणत होते. त्यांनी ते घेतलं, पदवीधरांपर्यंत वाचलं आणि घडी घालून परत दिलं. चष्मा डब्यात ठेवला, पिशवी उचलली. 'त्यांचं पुस्तक त्यांच्या नावांनी होऊ दे' एवढं म्हणून जिना उतरल्या. तेव्हापासून आलेल्या नाहीत.

म्हणजे तुमच्या मनासारखं झालं. तक्ता भिंतीवर आहे. मी आता एकटीच स्वतःशी वाचते. बीटा, झीटा, ईटा, थीटा. हजेरी घेतल्यासारखं वाटतं.

गणिताचं टेबल आम्ही दोघींनी उभं केलं होतं. बाई आल्या नाहीत तर तुमच्या पुस्तकानंतर ते बंद करणार आहे आणि लग्नपत्रिका घेणार आहे. त्यात एकच चिन्ह असतं आणि त्याचं नाव सगळ्यांना येतं.

पाचवं प्रकरण सोबत. समास कोरे आहेत.

— धाकटी


२१ जुलै

धाकटीस,

पाचवं प्रकरण पाहिलं. एक्केचाळीस चुका. मी तीन वेळा मोजल्या. पान १२० वर झीटाच्या जागी क्साय, १२२ वर क्सायच्या जागी झीटा, आणि १२५ वर दोघेही गायब. एक ओमेगा इतका बारीक आहे की मला भिंग आणावं लागलं. तिसऱ्या-चौथ्या प्रकरणांत समासातल्या नोंदींतून सुटलेल्या मिळून दोनच चुका होत्या, त्यातलीही एक माझी होती.

भिंतीवर माझा तक्ता असताना हे कसं होतं, मला कळत नाही. मोठ्या छापखान्यात जाऊन आलो. तिथल्या पदवीधराने एप्सिलॉनवर बोट ठेवून मला विचारलं, हे उलटं तीन तसंच ठेवायचं का सरळ करू. मी उठून आलो.

तेव्हा त्या बाईंना बोलाव. मला त्यांच्याशी बोलायचं नाही, पत्रात त्यांचा उल्लेखही नको. मागच्या खोलीत बसून वाचू देत, त्यांच्या त्या भाषेत वाचू देत, फक्त समासात लिहिलेलं माझ्यापर्यंत येता कामा नये. महिना उरला आहे. वर्ग सुरू झाला आणि पुस्तक नसलं तर हे लोक मला परत पाठवतील, आणि विभागप्रमुख जन्मभर चड्डीची गोष्ट सांगत फिरेल.

दुसरं, तुझ्या ताईचा तीन रविवार फोन नाही. दर रविवारी सकाळी नऊला इथल्या कचेरीत येतो, पाच मिनिटांचा. गोळ्या घेतल्या का, टाकी भरली, शेजारचं मांजर व्यालं, असलंच असतं. तरी मी नऊला तिथे जाऊन बसतो आणि कारकून माझ्याकडे बघत राहतो. तिला विचार, काय झालं.

— भावजी


२८ जुलै

तुम्हाला पत्र लिहायची वेळ आजवर आली नव्हती, त्यामुळे वर काय लिहायचं ते ठरेना. म्हणून जागा मोकळी सोडली आहे, टायपिस्ट सोडायचा तशी.

धाकटीने तुमचं पत्र दाखवलं. टाकी भरते. मांजराला चार पिल्लं. त्या बाई म्हणजे मी.

समासातलं अक्षर तुम्ही ओळखलं नाहीत. घरातल्या एकूण एक डब्यावर तेच आहे. अडतीस वर्षं त्याच अक्षराखालून साखर काढून घेता आहात. पेन्सिलीचा दोष असेल.

प्रबंधाचं सांगते. टायपिस्टचा माणूस दोनशे दहा पानं घेऊन आला तेव्हा तुम्हाला एकशे तीन ताप होता. तो म्हणाला, अक्षरं ज्याची त्याने भरायची, आमचं काम संपलं. विद्यापीठात द्यायला बारा दिवस होते. तुम्ही शुद्धीत आलात की प्रबंध कुठे आला विचारायचात, मी 'होतोय' म्हणायचे. तुम्ही पुन्हा डोळे मिटायचात. आपल्या लग्नाला पाच महिने झाले होते. वरच्या मजल्यावर नकाशे काढणारे गृहस्थ राहायचे, त्यांच्याकडून बारीक निबाचं पेन आणि काळी शाई आणली. सकाळी तुमची पेज झाली की स्वयंपाकघराच्या टेबलावर बसायची. तुमची वही डावीकडे, पानं उजवीकडे. आधी रद्दीवर प्रत्येक अक्षर दोन-दोनशे वेळा काढलं. नावं कुणाला विचारणार? घरात ज्याला माहीत होती तो तापात होता. मग मीच ठेवली. समोर जे होतं त्यावरून ठेवली. काटा, स्टूल, कुलूप. दोरीवर तुमची चड्डी वाळत होती. अकरा दिवसांत झालं.

तुम्ही उठलात, पानं पाहिलीत. मी शेजारी उभी होते, सांगणारच होते. तुम्ही म्हणालात, 'बघ. शिकलेल्या माणसाचा हात असा असतो. तुला यातलं काही कळायचं नाही, पण नुसतं बघ तरी.'

मी बघितलं. आणि सांगितलं नाही. पहिली काही वर्षं रागाने सांगितलं नाही. नंतर मजा वाटायला लागली. घरी कुणी आलं की तुम्ही तो प्रबंध कपाटातून काढून दाखवायचात, आणि मी चहाचा ट्रे घेऊन आत यायची. धाकटीने दुकान काढलं तेव्हा तिला अक्षरं लागत नव्हती. मी तुम्ही कॉलेजात असताना जाऊन एका दुपारी शिकवली, आणि मग जातच राहिले. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही हसला असता. मला ते नको होतं.

आंधळ्याने रंग निवडण्याचं तुम्ही लिहिलंत, ते मात्र लागलं. दुसऱ्या कुणा बाईबद्दल म्हणून लिहिलंत, म्हणून जास्त लागलं. घरच्या बायकोला माणूस बोलतो, मी ऐकून घेत आले. पण जिला कधी पाहिलं नाही, जी तुमच्या पुस्तकातली चूक काढून देते, तिलाही तुम्ही तसंच बोलता, हे मला माहीत नव्हतं. म्हणजे हा स्वभावच आहे. मी समजत होते माझ्यातच काही कमी आहे.

आता एक गोष्ट राहिली. प्रबंध सोबत परत पाठवते आहे. पान ७३ उघडा, वरून तिसरी ओळ. तुमच्या वहीत तिथे काय होतं ते मला शेवटपर्यंत लागलं नाही. कुरळी म्हणावी तर शेपूट होतं, आकडा, म्हणजे तुमचा झीटा, म्हणावा तर वळसे होते. विचारणार कुणाला? मग मी एक अक्षर तयार केलं. त्या पानावर ते चार ठिकाणी आहे. तुमच्या चोवीसांत ते नाही, मी तक्त्याशी ताडून पाहिलं. त्याला नाव नाही. परीक्षकांनी विचारलं नाही, तुम्ही विचारलं नाहीत. कपाटातून काढून सगळ्यांना दाखवलंत तेवढं.

मी वाचायला जाणार नाही. पुस्तक तुमचं आहे, तुम्ही बघा.


९ ऑगस्ट

वरची जागा मीही मोकळी सोडतो आहे. मला तरी कुठे काही सुचतंय.

पान ७३ पाहिलं. चार ठिकाणी आहे. खालून वर जातं, एक वळसा घेतं आणि शेवटी मान वळवून मागे बघतं. सुंदर आहे. मी ते पान माझ्या वर्गांना कितीदा दाखवलं असेल याचा हिशोब नाही. काल विभागप्रमुखांना विचारलं, हे कोणतं अक्षर. त्यांनी चष्मा चढवला आणि म्हणाले, हे झीटाचं जुन्या वळणाचं रूप, हल्ली कुणी लिहीत नाही. ठार मूर्ख माणूस आहे. पण त्याने मला विचारलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं, आणि त्याच्यापेक्षा मोठ्या आवाजात.

तिथे मुळात काय असायला हवं होतं ते शोधायला मला दोन दिवस लागले. सगळी सिद्धता पहिल्यापासून मांडावी लागली. झीटाच हवा होता. चूक तुझी नाही, माझ्या हाताची आहे. अडतीस वर्षं ज्या माणसाला मी नावानिशी अक्षरं येणारा म्हणत होतो, त्याला एकही नाव येत नव्हतं आणि माझ्या हातचं हे एक अक्षर सोडून सगळं वाचता येत होतं. मला नावं येत होती. त्यापलीकडे काय येत होतं, हे मी इथे बसून आठवतो आहे. यादी लांबत नाही.

मला लाज वाटते. हे वाक्य लिहिताना दोन कागद फाडले, कारण दोन्ही वेळा पुढे 'पण' आलं होतं.

डब्यांचं तू लिहिलंस. काल दिवसभर मी ते डबे आठवत होतो. साखर, मीठ, चहा. अक्षर डोळ्यांसमोर येईना. मग समासातली ती प्रुफं काढून बघितली तेव्हा आलं.

सहावं प्रकरण धाकटीने पाठवलं आहे. माझ्या दुरुस्त्या सोबत जोडल्या आहेत, तिला दे. पान १४१: चड्डी बारीक आहे, मोठी करावी. पान १४४: कुरळी आणि आकडा यांची अदलाबदल. पान १५०: स्टूलवर टोपी नको. विभागप्रमुख खांद्यावरून वाचत होते. मी वाचू दिलं.

धाकटीला सांग, तक्ता काढून टाक. टेबल बंद करू नको. आणि तू वाचायला जा. पुस्तक वेळेत यावं म्हणून सांगत नाही. म्हणजे, त्यासाठीही सांगतो आहे. प्रस्तावनेत आभारांच्या पानावर एक ओळ मोकळी सोडली आहे. तुझ्याबद्दल तिथे काय लिहावं ते मला जमलं नाही. ती तू भर.

एकच विचारायचं आहे. तू सगळ्यांना नावं ठेवलीस. पान ७३ वरच्या त्याला काय म्हणायचीस?


१४ ऑगस्ट

सोमवारपासून वाचायला जाते आहे. पान १४१ वरची चड्डी मोठी केली. रविवारी नऊला फोन करीन, तुम्ही करायचा ठरवला असेल तर करणार नाही.

प्रस्तावनेतली ओळ मी भरणार नाही. या वेळी तुमची तुम्ही भरा.

त्या अक्षराचं विचारलंत. दिसायला मोठं होतं, अर्थ काही लागत नव्हता, आणि नावाने हाक मारायची सोय नव्हती. मी त्याला 'अहो' म्हणायचे.